डोंगर पळवत नाही, दोष ताटाचा की अजून कशाचा?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत): मुलुंडची एक मैत्रीण लिहिते. वय ३६, वजन ५४ किलो, नोकरी बीकेसीत, घरी नवरा, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. पाच वर्षांपासून पळते, रस्त्यापेक्षा डोंगर जास्त आवडतो. दोन वर्षांपूर्वी एका तबेल्यात काहीतरी बघितलं आणि दूध, दही, तूप, अंडी, मासे सगळं सोडलं, पूर्ण व्हीगन झाली. त्याआधी सातारा हिल हाफ मॅरेथॉन २ तास २६ मिनिटांत झाली होती, गेल्या वेळी २ तास ४९ लागले. वर जाईपर्यंत ठीक होतं, परतीच्या उतारावर मांड्या गेल्या, शेवटचे सहा किलोमीटर अक्षरशः रडत आली. रनिंग ग्रुपवर कोणीतरी "घासफूस खाऊन डोंगर चढत नाहीत" असं टाकलं आणि सगळे हसले. सासूबाई रोज म्हणतात निदान एक अंडं तरी खा. आठवड्यात तीन दिवस बिल्डिंगचे २२ मजले आठ वेळा चढते (खाली लिफ्टने येते, गुडघे जपायला), रविवारी ठाण्याच्या येऊरच्या डोंगरात १८ किलोमीटर. सकाळी काळी कॉफी पिऊन पळणं, मग पोहे आणि परत कॉफी, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, चार वाजता कुरमुरे, रात्री लाईट म्हणून सूप आणि सॅलड. झोप साडेपाच तास. डिसेंबरमधे सह्याद्रीतली ५० किलोमीटरची ट्रेल रेस करायची म्हणते पण आता अलार्म वाजला तरी उठावंसं वाटत नाही. प्रश्न असा: रेसपर्यंत व्हीगनपणा बाजूला ठेवू, की रेसच सोडून देऊ? ता.क. दोन महिने पाळी आली नाहीये, पण ट्रेनिंग जोरात असलं की असं होतं ना?

अगं, तुझ्या ता.क. पासूनच सुरुवात करते, कारण अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तू ते दारात चपला घालता घालता सांगावं तसं सांगितलंयस. नाही, "असं होतं" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर, ती निगेटिव्ह आली की ह्याच आठवड्यात गायनॅककडे जा, आणि त्यांना किती पळतेस, किती खातेस, किती झोपतेस हे सगळं खरं खरं सांग. थायरॉइडपासून बरीच कारणं असू शकतात आणि ती त्याच बघतील. पण तुझं दिवसभराचं खाणं वाचून मला जी शंका आली ती सांगते. शरीराला पळण्यासाठी लागतं तेवढं इंधन मिळालं नाही की ते एकेक खर्च बंद करत जातं, आणि त्यात पाळीचा नंबर फार लवकर लागतो, मागोमाग हाडं, झोप, मूड, सकाळचा उत्साह. ऑलिम्पिक कमिटीने २०१४ मधे ह्याला रेड-एस असं नावसुद्धा दिलं. त्याचा व्हीगन असण्याशी थेट संबंध नाही हं, रोज चिकन खाणाऱ्या मुलींनाही होतं, पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी ठळक खूण नसते म्हणून उशिरा कळतं.

आता जरा हिशोब करू. मोठा ढोबळ हिशोब आहे, डोक्यावर घेऊ नकोस. पळताना साधारण किलोला किलोमीटरमागे एक कॅलरी लागते, म्हणजे तुझ्या ५४ किलोला १८ किलोमीटरचे झाले ९७०, येऊरचा चढ धरला तर हजाराच्या वर. आणि तू लिहिलेलं सगळं खाणं मी कागदावर मांडलं तर ते जेमतेम हजार-बाराशेच्या आसपास येतं. म्हणजे रविवारी तू जेवढं खाल्लंस तेवढं येऊरलाच ठेवून आलीस, मग घरी येऊन स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सोमवारची मुलुंडहून लोकल ह्याला काय उरलं? अलार्म वाजल्यावर उठावंसं वाटत नाही ह्याला तू मोटिव्हेशन गेलं म्हणतेस, मला तर वाटतं तुला भूक लागलीये. दोन वर्षांची साचलेली भूक.

प्रोटीनचंही तेच. लांब पळणाऱ्यांना किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम लागतं, म्हणजे तुला ६५ ते ८६, आणि तुझ्या ताटात पंचवीस-तीसच्या वर काही जात नाहीये. आता सासूबाईंचं अंडं घे. एका अंड्यात सहा ग्रॅम. रोज दोन खाल्लीस तरी बारा, तरीही खड्डा तेवढाच. म्हणून तुझा जो प्रश्न आहे ना, व्हीगनपणा बाजूला ठेवू का, त्याच्यात एक गोष्ट तू धरूनच चाललीयेस की ताटातून जे गेलं त्याच्यामुळे हे झालं. मला दिसतंय ते वेगळं आहे: दूध, दही, तूप, अंडी, मासे गेले आणि त्या जागी काही आलंच नाही! सुरमई गेली आणि तिच्याऐवजी काकडी आली. असं करून कुठला पळणारा टिकेल, तो काहीही खाणारा असो.

(मी स्वतः व्हीगन नाही हे सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल मी त्या पार्टीची. माझा सकाळचा चहा दुधाचाच असतो आणि तो सुटेल असं मला वाटत नाही. पण तू हे टायमिंगसाठी केलेलं नाहीस, मनाला पटलं म्हणून केलंस, मग टायमिंगसाठी ते मोडलंस तर रेसनंतर तुलाच त्रास होईल. उद्या तुला आतूनच वाटलं की नाही जमत तर सोड, त्यातही काही पाप नाही. पण २३ मिनिटांसाठी नको.)

आणि ती २३ मिनिटं पण जरा बघूच. तू स्वतः लिहिलंयस की वर जाईपर्यंत ठीक होतं. साताऱ्याची रेस कशी आहे तुला माहितीच आहे, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि त्याच रस्त्याने परत उतरायचं. म्हणजे चढात तुझा दम पुरला, फुप्फुसं पुरली, गेल्या त्या मांड्या, आणि त्या उतारात गेल्या. का गेल्या ह्याचं उत्तर तुझ्याच पत्रात कंसात आहे बघ: खाली लिफ्टने येते.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि हे ब्रेकचं काम जास्त मोडतोड करतं, दोन दिवसांनी जिने उतरताना जे आई गं होतं ते ह्याचंच. गंमत अशी की ह्याची सवय लवकर होते, एकदा थोडं उतरून दुखलं की पुढच्या वेळी स्नायू बराच तयार असतो, पण तू तीन दिवस जिने चढून प्रत्येक वेळी लिफ्टने आलीस म्हणजे अर्धी परीक्षा अभ्यासालाच घेतली नाहीस. मी पहिल्यांदा माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून खाली नेरळपर्यंत धूम पळत उतरले होते, वय पन्नाशीला टेकलेलं, शहाणपण शून्य, त्यानंतर तीन दिवस मी दादरचा पूल कठड्याला धरून आडवी आडवी उतरत होते आणि लोक मला वाट करून देत होते. मी तेव्हा दूध, तूप, बांगडा सगळं खात होते बरं का.

म्हणून उद्यापासून एक कर. आठ फेऱ्यांऐवजी पाच चढ, त्यातल्या दोन पायी उतर, घाई न करता, छोटी पावलं टाकत, गुडघा किंचित वाकलेला. दोन आठवड्यांनी तीन. गुडघे जपायला लिफ्ट घेतेस ते समजलं, पण मांडी तयार असेल तरच गुडघा जपला जातो, त्यामुळे आठवड्यात दोनदा घरीच स्क्वॉट, लंजेस, एका पायरीवरून हळूच एक पाय खाली सोडणं हे वीस मिनिटं कर. गुडघा आत्ताच दुखत असेल तर मात्र आधी फिजिओ. मुंबईत राहून डोंगराची तयारी होत नाही असं रडगाणं सगळे गातात, पण २२ मजले म्हणजे ६५ मीटरच्या आसपास झाले, आठ वेळा म्हणजे पाचशे मीटरच्या वर चढाई, ती पण एसटीने कुठे न जाता! महिन्यातून एकदा नेरळवरून माथेरानच्या रस्त्याने वर जा, माथेरान ८०० मीटरवर आहे आणि नेरळ जवळजवळ पायथ्याला, म्हणजे एका फेरीत सातशेच्या वर चढ आणि तेवढाच उतार, आणि मध्य रेल्वेवर राहण्याचा तेवढा तरी फायदा. येऊर तर घरचंच आहे, फक्त अंधारात एकटी जाऊ नकोस, ते बिबट्याचं घर आहे, आपण पाहुणे. आणि पावसाळ्यात घाटातले ओढे अर्ध्या तासात चढतात तेव्हा धबधब्याखालच्या पाऊलवाटा सोडून दे, रस्त्यानेच पळ.

आणखी एक, किलोमीटर मोजायचं थोडं कमी कर. डोंगरात चढाई आणि वेळ मोजतात. तीन तास पायावर राहिलीस, सातशे मीटर चढलीस, पुरे, मग ते १४ किलोमीटर होवोत नाहीतर १९. आणि तीव्र चढ चालायचा असतो गं, हात मांडीवर ठेवून, त्यात काही कमीपणा नाही, शंभर मैलांच्या रेस जिंकणारे पण चालतात.

शंभर मैलांवरून आठवलं. तुझ्या ग्रुपवरच्या त्या महाशयांना स्कॉट ज्युरेक हे नाव सांग. अमेरिकेत वेस्टर्न स्टेट्स नावाची डोंगरातली शंभर मैलांची, म्हणजे १६१ किलोमीटरची रेस आहे, ती त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं जिंकली आणि तो व्हीगन. किंवा काहीच सांगू नकोस, नुसता कड्यावर चढलेल्या शेळीचा फोटो टाक. घासफूस खाऊन ती जिथे चढते तिथे महाशय दोर लावून चढतील का बघ.

पण शेळीचा फोटो टाकलास तर एक मान्य करावं लागेल. शेळीच्या पोटात बी१२ बनवणारे जंतू असतात, तुझ्या-माझ्या पोटात त्याचा असा उपयोग होत नाही. व्हीगन माणसाने बी१२ ची गोळी घ्यायची म्हणजे घ्यायचीच, ह्यात "मी नॅचरल घेते" चालत नाही. स्पिरुलिना, आंबवलेलं पीठ, न धुतलेली भाजी हे जे सांगतात ना त्याच्यावर विसंबू नकोस, स्पिरुलिनातलं बरंचसं बी१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही. आणि कमी झालं तर ते गुपचूप होतं, कारण डाळी-पालेभाज्यांत फोलेट नावाचं दुसरं बी जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळे रक्ताच्या साध्या रिपोर्टमधे काही दिसत नाही आणि आत नसांवर परिणाम चालू असतो, पायाला मुंग्या, तोल जाणं वगैरे. मला तर दही-दूध खाऊनसुद्धा कमी निघालं होतं! तू पत्रात गोळीचा एक शब्द लिहिला नाहीयेस म्हणून मला काळजी वाटतेय. सीबीसी, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, एवढं एकदा करून घे आणि डोस डॉक्टरांना ठरवू दे, इंजेक्शन म्हणाले तर इंजेक्शन. डी च्या बाबतीत एक छोटी गोष्ट, कॅप्सूलचं आवरण बरेचदा जिलेटिनचं असतं आणि नेहमीचं डी३ मेंढीच्या लोकरीच्या तेलातून काढतात, तुला चालत नसेल तर दगडफुलाच्या जातीपासून केलेलं डी३ मिळतं, केमिस्टला मागव म्हणावं.

फेरिटिन मुद्दाम सांगितलं. हिमोग्लोबिन ठीक असून लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि पळणाऱ्या बाईचं लोह घामातून, पाळीतून, अगदी तळपाय आपटण्यातूनसुद्धा जातं. तू पोह्यावर लिंबू पिळतेस ते उत्तम, क जीवनसत्त्वाने डाळ-पोह्यातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण लगेच वर कॉफी ओततेस म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. चहा-कॉफी खाण्याआधी किंवा नंतर तास-दीड तास सोडून. लोहाच्या गोळ्या रिपोर्टशिवाय घेऊ नकोस.

आता ताट. मला खरं सांग, व्हीगन झाल्यावर तू सूप आणि सॅलडवर कशी गेलीस? आपल्याकडे पिठलं-भाकरी आहे, मटकीची उसळ आहे, मिसळ आहे, भाजणीचं थालीपीठ, भरीत, झुणका, तिळाची चटणी, आमसुलाचं सार, ह्यातल्या कशात दूध आहे? तू व्हीगन झालीस की डाएटवर गेलीस? दोन्ही एकदम केलंस असं मला दिसतंय, आणि दोष पहिल्यावर टाकतेयस. "रात्री लाईट" हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय? हलकं झालं की चढ सोपा जातो हे एका मर्यादेपर्यंत खरं, पण ५४ किलोत तू ती मर्यादा केव्हाच ओलांडलीयेस असं पाळी सांगतेय.

पळायच्या आधी निदान एक केळं किंवा दोन-तीन खजूर. आल्यावर पोहे खा पण शेंगदाणे मूठभर घाल, आणि बरोबर सोया दूध किंवा मूग-मटकीची वाटी. डब्यात दोनाच्या तीन पोळ्या आणि कोरडी भाजी एकटी नको, उसळ हवी. चार वाजता कुरमुऱ्यांच्या जोडीला फुटाणे आणि दाणे. रात्री वरण-भात पोटभर, डाळ घट्ट, किंवा टोफूची भुर्जी, किंवा सोया चंक्स, कोरड्या ५० ग्रॅममधे २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, चार अंड्यांएवढं आणि स्वस्त. ते बेचव लागतात ही तक्रार मान्य, मालवणी मसाल्यात घाल, मग बघ. आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी आणि तीळ, सासूबाईंना हाडांची काळजी असेल तर त्यांना सांग नाचणीच्या १०० ग्रॅममधे साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

आणि सासूबाईंना कामाला लाव. हे मी गंभीरपणे सांगतेय. त्या रोज अंडं म्हणतात, तू रोज नाही म्हणतेस, बिचाऱ्यांना सून वाळत चाललेली दिसतेय आणि खायला घालायला हातात काही उरलं नाहीये. त्यांना म्हण आई, मला हळिवाचे लाडू करून द्या. नारळाच्या पाण्यात भिजवलेले हळीव, ओलं खोबरं, गूळ, तुपाशिवाय मस्त होतात, लोह भरपूर, बाळंतिणीला द्यायचा खुराक तो, त्यांच्या हातचाच आहे. अंड्याची जागा लाडवाला मिळाली की भांडणातला अर्धा जोर जाईल बघ.

लांब पळताना पण खायचं असतं हे तू कुठेच लिहिलं नाहीस म्हणजे बहुतेक पाण्यावरच पळतेस. दीड तासाच्या वर गेलं की तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स लागतात. एक केळं म्हणजे पंचवीसेक, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, एनर्जी जेलचं पाकीट घेतलंस तर त्यात मध नाही ना एवढं वाच. मुंबईच्या घामाला कोकम सरबतात जास्त मीठ घालून बाटली भर. हे सगळं रविवारी येऊरला करून बघ, रेसच्या दिवशी पहिल्यांदा केलंस तर पोट बिघडेल, त्यालाही सराव लागतो.

रेसचं काय. माझं मत, फॉर्म आत्ता भरू नकोस. आधी डॉक्टर, रिपोर्ट, आणि पाळी परत येऊ दे, तोवर पळणं निम्मं कर, रात्री साडेदहाला मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून साडेसहा-सात तास झोप. गायनॅकनी पूर्ण थांब म्हटलं तर पूर्ण थांब. सगळं रुळावर आलं तर डिसेंबरला त्याच डोंगरातलं छोटं अंतर असेल ते कर, वीस-पंचवीस किलोमीटरचं, ५० पुढच्या वर्षी. तुला हे पळ काढल्यासारखं वाटेल, कारण मला वाटतं ही रेस तू त्या मेसेजसाठी करतेयस. गेलं वर्षभर तू प्रत्येक रन पुरावा म्हणून गोळा करतेयस, चांगला झाला तर व्हीगन जिंकलं, वाईट झाला तर हरलं, आणि समोर वीस जण निकालाला बसलेत. रोज सकाळी पाच वाजता उठून कोर्टात जायला कोणाला आवडेल? तू पळायला लागलीस तेव्हा दूध पीत होतीस, तेव्हा कोणी विचारत नव्हतं आणि तूही कोणाला सांगत नव्हतीस, नुसती पळत होतीस.

तर एक महिना ग्रुप म्यूट. सोडू नकोस, तो तमाशा नको, म्यूट. घड्याळ लाव पण रन कुठे टाकू नकोस. आणि आठवड्यातला एक दिवस पळणं नाही, मुलाला घेऊन नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालत जा, वाटेत केळी आणि चिक्की, वर लेण्यात पाय पसरून बसायचं. सोमवारी ते बंद असतं, तेवढं बघून जा.

रिपोर्ट आले की मला लिही, आकडे तसेच पाठव, आणि उद्या दोन फेऱ्या पायी उतरलीस की परवा कसं वाटलं तेही.